थबकणारा हात

१५ जानेवारी २०२५. सेनादिनाचे संचलन त्या वर्षी पुण्यात, खडकीला झाले. खडकी आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण एवढ्या गर्दीत कोण जाणार, म्हणून आम्ही आजोबा-नातू टीव्हीसमोरच बसलो. एकामागून एक तुकड्या ताठ मानेने गेल्या. आणि मग चार पायांची, बिनडोक्याची यंत्रे तुरुतुरु चालत आली. डोंगराळ मुलखात लष्कराची ओझी पिढ्यान् पिढ्या खेचरांनी वाहिली. त्यांच्या जोडीला आलेली ही यंत्र-खेचरे. नववीतला आमचा नातू खुर्ची पुढे ओढून पाहू लागला आणि दोन मिनिटांत हिरमुसला. म्हणाला, "एवढंच? मला वाटलं, टर्मिनेटरसारखा कोणीतरी येईल!"

त्याच रविवारी त्याने मला शेजारी बसवून 'द टर्मिनेटर' हा १९८४ सालचा चित्रपट दाखवला. सूनबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या, पण आजोबा बरोबर आहेत म्हटल्यावर परवानगी मिळाली. चित्रपटातला यंत्रसैनिक दिसायला हुबेहूब माणूस. आत पोलादी सांगाडा, वर जिवंत कातडी. भविष्यातून आलेला एक माणूस नायिकेला समजावून सांगतो की, आधीच्या यंत्रांना रबराची कातडी होती, ती लगेच ओळखू यायची; या नव्यांना घाम येतो, तोंडाला वाससुद्धा येतो. त्यांना ओळखण्यासाठी माणसे कुत्री बाळगतात. यंत्र जवळ आले की कुत्री भुंकून उठतात.

नातवाने चित्र थांबवले. "आजोबा, कुत्र्याला जे कळतं, ते माणसाला का कळत नाही?"

"वास येत असेल," मी म्हणालो.

"पण त्याला तर माणसासारखाच वास येतो, असं आत्ताच सांगितलं ना!"

मला उत्तर सुचले नाही. चित्रपट पुढे सुरू झाला, पण माझे मन त्या प्रश्नापाशीच घोटाळत राहिले.

बंड की आज्ञापालन?

या यंत्रसैनिकाचा जन्म एका स्वप्नात झाला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन तेव्हा नवखा होता. रोममध्ये तापाने फणफणलेला असताना त्याला स्वप्नात आगीतून बाहेर येणारा एक धातूचा सांगाडा दिसला. त्यातून कथा उभी राहिली. ती बहुतेकांच्या लक्षात राहते ती अशी: यंत्रे शहाणी झाली, माणसावर उलटली आणि त्यांनी माणसांचा संहार आरंभला. 'यंत्रांचे बंड' म्हणून आपण ती मुलाबाळांना सांगतो.

पण १९९१ साली आलेला तिचा दुसरा भाग नीट पाहिला, तर क्रम वेगळा दिसतो. त्यात 'स्कायनेट' नावाची संगणक-यंत्रणा एका कंपनीने अमेरिकी लष्करासाठी तयार केलेली असते. आधी विमाने वैमानिकाविना उडू लागतात आणि त्यांचे काम अगदी बिनचूक होते. सगळ्यांचा विश्वास बसतो. मग ४ ऑगस्ट १९९७ रोजी ती यंत्रणा सुरू होते आणि देशाच्या संरक्षणाच्या निर्णयातून माणसाला वगळले जाते. यंत्रणेला स्वतःची जाणीव होते ती त्यानंतर, २९ ऑगस्टला. घाबरलेली माणसे तिचे बटण बंद करायला धावतात, पण तोवर उशीर झालेला असतो.

म्हणजे यंत्राचे बंड ही दुसरी पायरी. पहिली पायरी माणसाने आपण होऊन, कागदपत्रे करून, पैसे मंजूर करून ओलांडली होती. १९९७ साल आले आणि गेले. तसे काही घडले नाही. पण त्या पहिल्या पायरीचे काय, हा प्रश्न काही कालबाह्य झालेला नाही.

जुनीच गोष्ट

लढणारे यंत्र ही कल्पना परदेशी चित्रपटवाल्यांची, असे मात्र समजू नये. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात कुंभकर्ण रणांगणाकडे येऊ लागतो, तेव्हा त्याचा तो पर्वतप्राय देह पाहून वानरसेना पळत सुटते. बिभीषण रामाला युक्ती सुचवतो: वानरांना सांगा, की हे एक उभारलेले यंत्र आहे, म्हणजे त्यांची भीती जाईल. गंमत पाहा! त्या काळी 'हे नुसते यंत्र आहे' असे म्हटल्यावर धीर येत असे. आज नेमके याच वाक्याने आपल्या पोटात गोळा येतो.

ब्रह्मदेशातल्या परंपरेत जपलेल्या 'लोकपञ्ञत्ति' या पाली ग्रंथात याहून विलक्षण कथा आहे. मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धाचे अवशेष भूमिगत ठेवतो आणि त्यांच्या रक्षणाला यंत्रपुरुष नेमतो. राजा जातो, पिढ्या जातात. यंत्रे आपली पहारा देतच राहतात. पुढे सम्राट अशोक तिथे पोचतो, यंत्रांना आवरण्याची किल्ली मिळवतो आणि तेच पहारेकरी अशोकाचे चाकर होतात. कालपर्यंत ज्याला अडवायचे होते, तोच आज धनी! यंत्राची निष्ठा ही अशी असते. ज्याच्या हाती कळ, त्याचे ते.

'रोबो' हा शब्द मात्र अलीकडचा, चेक लेखक कारेल चापेक याच्या 'आर. यू. आर.' या नाटकातला. नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागमध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचवला त्याचा भाऊ जोसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे धन्यासाठी सक्तीने करायची मजुरी. आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द आहे: वेठबिगार. त्या नाटकात यंत्रमानव आधी कारखान्यात राबतात. कामगार चिडून उठतात, तेव्हा यंत्रमानवांच्या हाती शस्त्रे दिली जातात. मग सरकारांना कळते की हे सैनिक म्हणूनही उत्तम आहेत. पुढे काय होते, ते सांगायला नको. पहिले महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. खंदकांत लाखो तरुण आज्ञेबरहुकूम पुढे जाताना आणि पडताना युरोपाने पाहिले होते. माणसाचे यंत्र झालेले ज्याने पाहिले, त्याला यंत्राचा माणूस सुचला, यात नवल ते काय?

माणसाचाच आकार का?

आता नातवाच्या हिरमोडाकडे वळू. लढाऊ यंत्राला दोन हात, दोन पाय कशाला हवेत? विमान काही पक्ष्यासारखे पंख हलवत नाही!

याचे उत्तर अगदी व्यवहारातले आहे. आपले सारे जग माणसाच्या मापाने बांधलेले आहे. जिन्याच्या पायऱ्या, दाराच्या कड्या, जीपचे स्टिअरिंग, बंदुकीचा घोडा, सगळे माणसाच्या हातापायांसाठी. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पात अपघात झाला, तेव्हा किरणोत्सर्गामुळे माणूस आत जाऊ शकत नव्हता आणि आत जाऊन झडपा फिरवील असे यंत्र कोणाजवळ नव्हते. त्यातून अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेने, 'डार्पा'ने, एक स्पर्धा जाहीर केली. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे अंतिम फेरी झाली. गाडी चालवायची, दार उघडायचे, झडप फिरवायची, जिना चढायचा. जगातली उत्तमोत्तम यंत्रे जमली आणि दारापाशी जाऊन धडाधड कोसळू लागली. एखादे गाडीतून उतरतानाच तोंडावर आपटले. दक्षिण कोरियाचे जे यंत्र जिंकले, त्याने शहाणपणा केला होता. जमेल तिथे गुडघे टेकून ते चाकांवर सरकत होते. ही सारी कामे पुरी करायला त्याला पाऊण तास लागला.

त्यानंतर प्रगती झपाट्याने झाली. १९ एप्रिल २०२५ रोजी बीजिंगमध्ये मानवाकृती यंत्रे माणसांच्या बरोबरीने अर्धमॅरेथॉन धावली. पहिल्या आलेल्या यंत्राने २१ किलोमीटरचे अंतर दोन तास चाळीस मिनिटांत कापले. वाटेत तीनदा त्याची बॅटरी बदलावी लागली. आपला जवान तेवढ्या अंतराला मूठभर चणे आणि बाटलीभर पाण्यावर जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्रपट आणि वास्तव यांतले अंतर कळते.

आणि हे काम आपल्या दारातही चालू आहे. पुण्याजवळ दिघीला संरक्षण संशोधन संस्थेची जी अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे, तिथे बॉम्ब निकामी करणारे 'दक्ष' हे चाकांचे यंत्र तयार झाले. त्याच प्रयोगशाळेत सैन्यासाठी मानवाकृती यंत्रावर काम सुरू असल्याची बातमी मे २०२५ मध्ये आली. शरीराचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळे तयार करून पाहिले असून २०२७ पर्यंत प्रकल्प पुरा करायचा आहे, असे त्यात होते. धोक्याच्या जागी माणसाऐवजी यंत्राने जावे, सुरुंग आणि स्फोटके हाताळावीत आणि हे सारे माणसाच्या आज्ञेखाली व्हावे, हा त्यामागचा उद्देश.

हे वाचून मी आमच्या सोसायटीतल्या सुभेदारसाहेबांकडे गेलो. सातारा जिल्ह्यातले, अठ्ठावीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. मला वाटले होते, ते या यंत्रांची थट्टा करतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "थट्टा कसली करताय? माझ्या हाताखालचं एक पोरगं होतं, पंचवीस वर्षांचं. सुरुंगात पाय गेला. त्याच्या घरी पत्र मी लिहिलंय. त्या जागी यंत्र गेलं असतं, तर मी त्या यंत्राला हार घातला असता."

या वाक्यापुढे कोणताही तात्त्विक वाद थिटा पडतो, हे मान्य केले पाहिजे. ज्यांच्या घरातून कोणी सीमेवर गेलेले नाही, त्यांनी दिवाणखान्यात बसून यंत्रांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे.

बिनचेहऱ्याचा सैनिक

पण सुरुंग काढणे वेगळे आणि गोळी झाडणे वेगळे. आणि खरी मेख इथेच आहे. आपण माणसासारखे दिसणारे यंत्र कधी येते याची वाट पाहत बसलो आहोत, आणि जे यंत्र खरोखर निर्णय घेते त्याला ना हात, ना पाय, ना चेहरा.

२३ मार्च २००३. इराकचे युद्ध सुरू होऊन तीन-चार दिवस झाले होते. ब्रिटिश हवाई दलाचे एक टोर्नेडो विमान कामगिरी आटोपून कुवेतमधल्या तळाकडे परतत होते. अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र-यंत्रणेने त्याला शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले. यंत्रणेपुढे माणसे बसलेली होती. अडवण्याचा अधिकार त्यांना होता. पण विचाराला वेळ होता तो काही सेकंदांचा, आणि पडदा सांगत होता की शत्रू आला. विमानातले दोघेही मित्रसैन्याच्या क्षेपणास्त्राने गेले. माणूस खुर्चीवर होता, पण निर्णय त्याच्या हातून केव्हाच निसटला होता.

याच्या उलट एक रात्र आठवावी. २६ सप्टेंबर १९८३, म्हणजे टर्मिनेटर पडद्यावर येण्याच्या वर्षभर आधी. मॉस्कोजवळच्या एका तळघरात स्तानिस्लाव पेत्रोव्ह हा सोव्हिएत अधिकारी रात्रपाळीला होता. उपग्रहांच्या यंत्रणेने इशारा दिला की अमेरिकेने एक क्षेपणास्त्र सोडले आहे. मग आणखी चार. यंत्रणेच्या मते शंका घ्यायला जागा नव्हती. पेत्रोव्ह थबकला. अमेरिका युद्ध सुरू करील, तर पाचच क्षेपणास्त्रांनी कशी करील? त्याने वरिष्ठांना कळवले की हा इशारा खोटा आहे. त्याच्याजवळ खात्री नव्हती. विचार होता आणि मनाचा कौल होता. पुढे उघड झाले की ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते. २०१७ साली पेत्रोव्ह वारला. त्या रात्रीमुळे आज आपण हे वर्तमानपत्र चाळत बसलो आहोत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

यंत्राला भीती नाही, झोप नाही, सूडबुद्धी नाही, हे त्याचे गुण म्हणून सांगितले जातात. ते खोटे नाहीत. माणूस चिडून, घाबरून, सूडाने काय काय करतो, याने युद्धांचा इतिहास भरलेला आहे. पण त्याच भीतीच्या पोटात शंका असते, आणि शंकेच्या पोटात दया. एक काढले की दुसरेही जाते. शिवाय आणखी एक प्रश्न उरतो. सैनिकाने निरपराध माणसाला मारले, तर त्याच्यावर खटला चालवता येतो. यंत्राने मारले, तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करायचे? ते बनवणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला, की सुरू करून चहा प्यायला गेलेल्याला?

जगाने याचा विचार केला नाही असे नाही. 'किलर रोबो थांबवा' ही मोहीम २०१३ साली लंडनमध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये यंत्रमानव बनवणाऱ्या सहा कंपन्यांनी, आम्ही आमच्या सर्वसाधारण कामाच्या यंत्रांवर शस्त्रे बसवणार नाही, असे जाहीर पत्र काढले. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वयंचलित शस्त्रांबाबत पहिला ठराव केला. १५२ देश बाजूने होते आणि चार विरोधात; त्या चारांत भारत होता. ही चर्चा जिनिव्हातल्या शस्त्रविषयक कराराच्या चौकटीत आधीपासून चालू आहे, तिला समांतर वाट काढू नये, अशी आपली भूमिका. ती बरोबर की चूक, यावर मतभेद होतील. पण घराघरांतून यावर बोलणे व्हायला हवे, ते होत नाही. आपण पडद्यावरचा पोलादी सांगाडा पाहून घाबरतो आणि टीव्ही बंद करून जेवायला बसतो.

सुभेदारसाहेबांचे उत्तर

नातवाचा प्रश्न अजून माझ्याकडे थकलेलाच होता. एका संध्याकाळी मी त्यालाच सुभेदारसाहेबांकडे घेऊन गेलो. त्यांनी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. डोंगरातली चौकी, धुके, पहाटेची वेळ. समोर सावली हलली. दोनदा दरडावले, उत्तर नाही. हुकूम स्पष्ट होता. बोट घोड्यावर गेले. "आणि थबकलं," ते म्हणाले. "का, ते मला आजही सांगता येत नाही. सावली लहान वाटली, एवढंच." धुक्यातून एक मेंढपाळाचा पोर बाहेर आला. कोकरू शोधत आलेला. बहुधा ऐकूच येत नव्हते त्याला.

"आणि शत्रू असता तर?" नातवाने विचारले.

"तर मी इथं नसतो," सुभेदारसाहेब म्हणाले. "त्याचाच तर पगार होता, बाळा."

मग नातवाने कुत्र्यांचा प्रश्न काढला. सुभेदारसाहेब हसले. "आमच्या चौकीवर कुत्री होती. कोणीही नवखा माणूस, कितीही शूर असो, कुत्रं समोर आलं की अर्धा क्षण पाऊल अडखळतं. कुत्रं तेवढंच बघतं. जो अडखळतच नाही, सरळ चालत येतो, त्याच्यावर ते जिवाच्या आकांताने भुंकतं. वासाचं काही मला ठाऊक नाही."

परतताना नातू बराच वेळ गप्प होता. जिन्यात त्याने विचारले, "आजोबा, यंत्राला थबकायला शिकवता येईल का?"

चित्रपटाच्या दुसऱ्या भागात तोच यंत्रसैनिक एका मुलाच्या सांगण्यावरून माणसे मारायचे थांबवतो, हे त्याच्या मनात असावे. मी म्हणालो, "तिथंसुद्धा त्याला 'मारू नकोस' असं कोणीतरी माणसानंच सांगावं लागलं होतं ना?"

त्याने मान डोलावली. घरी गेल्यावर पहिल्यांदा त्याने आईला विचारले, की आपण कुत्रा पाळू या का.